रान तोडण्याआधी हिशेब मांडा

पावसाळा सरला, दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की गोव्याच्या गावागावांत एक उद्योग दरवर्षी नव्याने सुरू होतो. वडिलोपार्जित भाटात घाणेरीचे आणि रानमोडीचे रान माजलेले असते, काजूची जुनी झाडे वेलींनी गुरफटलेली असतात, मेरेवरचा दगड कुठे गेला हे कोणास ठाऊक नसते. मुंबईहून वा आखातातून दोन आठवड्यांच्या रजेवर आलेला मालक हे पाहतो आणि दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराला बोलावतो. कंत्राटदार मेरेवर उभा राहून एक नजर टाकतो, एक आकडा सांगतो, आणि मालक मान डोलावतो. घर बांधताना चिऱ्याचा नि सिमेंटचा भाव चार ठिकाणी विचारणारा हाच गृहस्थ येथे मात्र डोळे मिटून व्यवहार करतो. पुढे 'हे काम ठरले नव्हते' असे म्हणत आकडा फुगत जातो. आणि यंत्र अंगणात उभे असताना घासाघीस करण्याची सोय उरलेली नसते.

या प्रकाराला केवळ कंत्राटदाराची लबाडी म्हणून सोडून देणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. जे मोजलेलेच नाही त्याचा भाव कोणी प्रामाणिकपणे सांगावा तरी कसा? न दिसलेल्या कामाची जोखीम कंत्राटदार एकतर भाव चढवून आधीच वसूल करतो, नाहीतर मागाहून मागतो. दोन्ही बाजूंनी भुर्दंड मालकालाच. म्हणून अंदाज काढण्याचे काम मालकाने स्वतः, कंत्राटदाराला निरोप धाडण्यापूर्वी केले पाहिजे. त्याला अभियंत्याची पदवी लागत नाही. फीत, दोरी, चार खुंट्या आणि एक वही पुरे.

मोजावे कसे, याचा धडा सरकारी दरसूचीतच आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत रान साफ करण्याचे काम दर १०० चौरस मीटरांवर मोजतात. त्यात गवत, झुडपे आणि जमिनीपासून एक मीटर उंचीवर ३० सेंटिमीटरपर्यंत घेर असलेली रोपे मुळासकट काढणे, आणि निघालेला कचरा साफ केलेल्या क्षेत्राच्या हद्दीबाहेर ५० मीटरपर्यंत नेऊन टाकणे, एवढे अंतर्भूत असते. त्याहून मोठी झाडे नगावर मोजतात आणि त्यांचे घेराप्रमाणे वर्ग पाडतात: ३० ते ६० सेंटिमीटर, ६० ते १२०, १२० ते २४०, आणि त्यापुढचे. झाड पाडण्याच्या त्या दरात बुंधा व फांद्या तोडणे, मुळे काढणे आणि उपयोगी लाकूड रचून ठेवणे हेही येते. गोव्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचेही स्वतःचे दरपत्रक आहे. खाजगी बाजाराचा भाव त्याच्याशी तंतोतंत जुळेल असे नाही. पण कामाची फोड कशी करावी हे त्यावरून शिकता येते, आणि फोड केली की निम्मा वाद संपतो.

समजा, भाट २,००० चौरस मीटरांचे आहे. सगळे रान मोजत बसण्याची गरज नाही. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असे तीन चौकोन आखावेत. एक दाट भागात, एक विरळ भागात, एक मधल्या भागात. त्यांत ३० ते ६० सेंटिमीटर घेराची झाडे अनुक्रमे चार, दोन आणि तीन निघाली, तर सरासरी तीन. भाटात असे वीस चौकोन मावतात. म्हणजे सुमारे ६० झाडे. केवळ दाट कोपरा पाहून अंदाज केला असता तर तोच आकडा ८० झाला असता. वीस झाडांचा हा फरक म्हणजे नजरेच्या अंदाजाची किंमत! मोठी झाडे मात्र सरासरीने मोजू नयेत. ती एकेक मोजून, खोडावर चुन्याची खूण करून वहीत नोंदवावीत. कोणती पाडायची आणि कोणती राखायची हे त्याच वेळी ठरवावे. राखण्याच्या झाडांना वेगळा रंग लावला नाही, तर यंत्राच्या सुपड्याला फणस आणि अकेशिया सारखेच.

यानंतर मुळांचा प्रश्न. झाड पाडणे सोपे, खोडका उपटणे अवघड. बांबूच्या बेटाचे कंद, काजूचे जुने बुंधे, जांभ्याच्या खडकात घुसलेली मुळे यांना झाड पाडण्याहून अधिक वेळ लागू शकतो. म्हणून 'झाड तोडणे' आणि 'मूळ काढणे' या दोन नोंदी कागदावर स्वतंत्र हव्यात. पुन्हा बागाईतच करायची असेल, तर प्रत्येक खोडका उपटण्याचे कारण नाही. घर बांधायचे असेल तर पायाच्या जागेपुरते उपटावे. उद्देश आधी ठरला की खर्च आपोआप आटोक्यात येतो.

खरी गंमत पुढे आहे. 'साफ करा' असे मोघम सांगितले की यंत्र वरची माती खरवडून काढते. २,००० चौरस मीटरांवरून अवघी १५ सेंटिमीटर माती काढली, तरी ती ३०० घनमीटर होते. उकरलेली माती फुगते. चौथा हिस्सा वाढ धरली तर ३७५ घनमीटर. एका टिप्परमध्ये पाच घनमीटर मावते असे मानले, तर ७५ फेऱ्या! माती वाहून नेण्याचे पैसे मालक देणार, ती दुसऱ्याच्या बागेत विकली जाणार, आणि पुढच्या वर्षी नारळाच्या आळ्यात घालण्यासाठी मालक पुन्हा माती विकत आणणार. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच. सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात उतारावरची उघडी माती जूनच्या पहिल्या झडीत ओहोळाला मिळते, हे वेगळे सांगायला नको. 'माती जागेवरच राहील' हे एक वाक्य करारात लिहायला काही खर्च येत नाही.

भाव तीन प्रकारे ठरतो: ठोक, तासावर किंवा नगावर. ठोक भावात काम काय आहे हे स्पष्ट असेल तरच मालक सुरक्षित. तासाच्या भावात घड्याळ कोण पाहणार हा प्रश्न असतो. करवतवाला झाड कापत असता जेसीबी नुसता उभा राहिला, तर तो तासही बिलात येतो. यंत्र आणण्या-नेण्याचे भाडे आणि किमान तासांची अट निराळी. यावर उपाय म्हणजे नमुन्याचा एक पट्टा. शंभर चौरस मीटरांचे काम आधी करून घ्यावे, लागलेला वेळ टिपावा, त्यावरून एकूण तास काढावेत आणि मगच बाकीचे काम द्यावे. कंत्राटदार तीन बोलवा की चार, सर्वांच्या हाती तोच लेखी तक्ता द्यावा. वेगवेगळ्या कामांचे भाव एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. विजेच्या तारांजवळची झाडे, झुडपांत लपलेली पडकी विहीर, राखणदाराचे स्थान, शेजाऱ्याची पायवाट यांची नोंदही तक्त्यात असावी. अपघात आणि तंटे याच ठिकाणी होतात.

'लाकूड आम्हांला द्या, काम फुकट करतो' या गोड बोलण्यापासून विशेष सावध राहावे. फुकट काम करणारा कंत्राटदार अजून जन्माला यायचा आहे. लाकडाची किंमत दुसऱ्या कोणाकडून विचारून ती खर्चातून वजा करावी; बहुधा असे दिसेल की मोलाचे लाकूड गेले आणि खोडके नि काटेरी ढीग मालकाच्या पदरी राहिले. ढीग पेटवून देणे हा तर उपायच नव्हे. बारीक फांद्या कुजवून झाडांच्या बुंध्याशी घातल्या तर वाहतुकीचा खर्च वाचतो आणि जमिनीला खत मिळते.

आणि या सर्वांच्या आधी कागद. एक-चौदाचा उतारा काढून कुळाचे वा सहहिस्सेदाराचे नाव आहे का ते पाहावे. कुळाला १९६४ च्या आणि मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. त्यांच्या जागेवर यंत्र घातले तर झाडांपेक्षा वकिलांवर अधिक खर्च होईल. स्वतःच्या भाटातले झाड तोडायलाही १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते आणि बदली झाडे लावण्याची जबाबदारी येते. माडाला २०१६ साली या कायद्याच्या व्याख्येतून वगळले होते. लोकांच्या रोषानंतर २०१७ मध्ये तो पुन्हा आत आला. डोंगर कापायला किंवा सखल जागा भरायला नगरनियोजन कायद्याखाली मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर खाजगी वने ठरवण्याचे काम सुरू झाले. आपला सर्व्हे क्रमांक त्यात आहे का हेही तपासावे. खाजनाच्या कडेची खारफुटी तर हात लावण्याची वस्तूच नव्हे. बांध आणि मानस यांच्या आडोशाने उभी असलेली ती भिंत तोडून वाचणारा पैसा पहिल्याच उधाणात वाहून जातो. या परवानग्यांचे शुल्क आणि लागणारे महिने हेही खर्चाचेच भाग आहेत. एप्रिलमध्ये अर्ज करून मेमध्ये यंत्र आणू पाहणे म्हणजे वरातीमागून घोडे.

शेवटची नोंद दुसऱ्या वर्षाची. घाणेरी आणि रानमोडी एकदा छाटल्याने मरत नाहीत. पहिल्या पावसात मुळांतून पुन्हा फुटतात. पुढची निदान दोन वर्षे बेणणीसाठी रक्कम राखून ठेवली नाही, तर पहिला सारा खर्च पाण्यात गेला असे समजावे. ज्याला ती रक्कम परवडत नाही, त्याने अर्धेच भाट साफ करावे. पण जे साफ केले ते लागवडीखाली आणावे. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा शहाणपणा जमिनीलाही लागू आहे.

सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. बांधकाम खात्याच्या दरपत्रकातील रान साफ करण्याच्या व झाडे तोडण्याच्या दरांचा एक पानी तक्ता, लागणाऱ्या परवानग्यांच्या यादीसह, मराठी आणि कोकणीतून प्रत्येक पंचायतीच्या फलकावर आणि विभागीय कृषी कार्यालयात लावावा. त्याला एका कागदाची किंमत पडेल. गोव्यातली भाटे पडीक राहतात याची कारणे अनेक आहेत. मजूर मिळत नाहीत, वाटण्या रखडतात, मुले परमुलखात असतात. पण एकदा फसलेला मालक दुसऱ्यांदा भाटात पैसा घालत नाही, आणि कंटाळून ती जमीन परप्रांतीय दलालाच्या हाती देतो, हेही त्यांतले एक कारण आहे. पूर्वजांनी कोयता आणि पिकास घेऊन पिढ्यान् पिढ्या कसलेली ही जमीन राखायची असेल, तर तिच्या वारसांनी कंत्राटदाराला हाक मारण्यापूर्वी एक दिवस वही घेऊन स्वतःच्या मेरेवरून फिरावे. जमीन आपली म्हणायची, तर तिच्यावर काय उगवले आहे एवढे तरी मालकाला ठाऊक असायला हवे.