‘इथे अंगठा करा’

मालेगावच्या शाखेत असताना यंत्रमागाच्या कर्जाचे किती कागद मी लोकांपुढे सरकवले, देव जाणे. ‘इथे अंगठा करा’ म्हटले की समोरचा करून मोकळा. अटी वाचून दाखवल्याचे मला तरी आठवत नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात करोनाने हे गाव हादरले. पुढे ते सावरले कसे, याचा अभ्यास नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०२२ मध्ये हाती घेतला. तेव्हा ओळखीच्या एका बुनकर चाचांनी विचारले, ‘‘साहेब, रक्त मागितलं तर द्यावं का? आपल्याला काय मिळणार?’’

खरे उत्तर होते : बहुधा काहीच नाही. मिळालेच तर पुढच्यांना.

१० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी पुढे आले, म्हणे स्वेच्छेने! गजाआडच्या माणसाची स्वेच्छा ती कितीशी?

आता औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम आहेत. निरक्षरासाठी तटस्थ साक्षीदार लागतो, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत, आणि कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते. साध्या रक्ततपासणीच्या अभ्यासातही संमती समजावून, माणसाच्या भाषेत घ्यायची असते. हे सारे मी चाचांना सांगितले.

‘‘म्हणजे कागद उर्दूत असणार?’’

‘‘असायला हवा. नसला तर मागून घ्या.’’

चाचा हसले. ‘‘तुमच्या बँकेचा तर इंग्रजीत होता, साहेब.’’