मधुमेहींचे पथ्य : साऱ्या कुटुंबाचा आहार

घरातील एकास मधुमेह जडला की त्याचे ताट वेगळे वाढले जाते. असे पथ्य बहुधा फार दिवस टिकत नाही. वस्तुतः या विकाराची प्रवृत्ती आनुवंशिक असल्याने तोच आहार मुलाबाळांनाही हितकारक ठरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. म्हणून भात व साखर कमी करून ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ आणि पालेभाजी सर्वांच्याच ताटात असावी. भाकरीही बेतानेच खावी. गूळ हा साखरेस निर्धोक पर्याय नव्हे. औषधे घेणाऱ्यांनी जेवण चुकवू नये व आहारातील बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावा. एका चुलीवरचे एकच अन्न सर्वांनी खाल्ल्यास रुग्णास पथ्य जड जात नाही.