मेसेज फॉरवर्ड झाला, रक्त कोणी दिलं?



आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डिझेलचा दर, बांगड्याचा भाव आणि हवामान खात्याचा इशारा यांच्या मधोमध अधूनमधून एक मेसेज येतोच : ‘अर्जंट, बी निगेटिव्ह रक्त पाहिजे, पुढे पाठवा.’ आपण सगळे तो पुढे पाठवतो. थोड्याच वेळात तो मालीमहून कुटबणला, तिथून खारीवाड्याला पोचतो आणि संध्याकाळी फिरून परत आपल्याच ग्रुपवर येतो. खाली हात जोडलेली वीस चित्रं असतात. ‘मी जातो’ म्हणणारा एकही नसतो.

बऱ्याच मेसेजवर तारीखसुद्धा नसते. मध्यंतरी असाच एक आला, म्हणून मी त्यातल्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, ‘भाऊ, ते दोन वर्षांपूर्वीचं. आमचा माणूस गेला तेव्हाच. अजून फोन येतात.’ त्यांना काय बोलावं ते मला सुचेना. फोन करणाऱ्यांची दानत चांगली, यात वाद नाही. पण त्या घराला दर वेळी ते परत सोसावं लागतं, त्याचं काय?

तेव्हा आपल्या पेजपुरतं ठरवून टाकलं आहे. रक्ताची मागणी टाकायची तर त्यात आजची तारीख, हॉस्पिटल, रक्तगट, किती युनिट आणि नातेवाईकाचा नंबर पाहिजे. रुग्णाचा खाटेवरचा फोटो नको. आधी फोन करून खात्री होईल, मग पोस्ट येईल, आणि गरज भागली की लगेच काढली जाईल. कोणी रक्त देण्याचे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. देशात १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद आहे. रक्तपेढी घेते तो तपासणीचा आणि प्रक्रियेचा खर्च, रक्ताची किंमत नव्हे.

आता खरी गोष्ट. रात्री दोन वाजता बाळंतिणीला रक्त लागलं आणि तुम्ही धावत गेलात, तरी तुमच्या हातातून काढलेली पिशवी तशीच तिला लावत नाहीत. एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया, एवढ्या तपासण्या आधी व्हाव्या लागतात. त्याला वेळ जातो. म्हणजे त्या रात्री तिला वाचवतं ते कोणीतरी चार-आठ दिवस आधी, कसलाही मेसेज न येता, देऊन गेलेलं रक्त. आणि ते साठवून तरी किती ठेवणार? तांबड्या पेशी फ्रीजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. बर्फातल्या मालाचं गणित आपल्याला कोणी शिकवायला नको. रोज थोडा ताजा माल आला तरच पेढी चालते.

मग आपण कधी द्यायचं? माझ्या मते बंदीच्या दिवसांत. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बांधलेले असतात. हंगामात आपल्याला देता येत नाही असं नाही, पण अडचण असते. समुद्रावर किंवा अंगमेहनतीच्या कामावर जाणाऱ्याने कामाच्या आधीच्या २४ तासांत रक्त देऊ नये, आणि रात्रभर जागून झोप न घेता आलेल्यानेही देऊ नये, असं रक्तपेढ्यांच्या नियमावलीतच आहे. पहाटे जेटीला लागून दुपारी परत बर्फ भरणाऱ्याला हे कसं जमणार? जून-जुलैत मात्र आपण जाळी विणत आणि पाऊस मोजत घरीच असतो. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन तर बरोबर बंदीतच येतो. रक्तगट शोधून काढणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा तो जन्मदिवस.

खलाशी त्या वेळी ओडिशा, झारखंड, कर्नाटकात आपापल्या गावी गेलेले असतात. तेव्हा मालकांनो, हे काम खलाशांवर ढकलता येणार नाही!

‘रक्त दिलं की दोर ओढायची ताकद जाते,’ असं जुनी माणसं म्हणतात. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, त्यातलं ३५० किंवा ४५० मिली घेतात. पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी भरायला चार ते आठ आठवडे लागतात. १४ जूनला दिलं तर १ ऑगस्टपर्यंत सात आठवडे होतात. तोवर तिसऱ्या आणि पालेभाजी पोटात जाऊ द्या, लोह मिळतं. आदल्या रात्री फेणी नको आणि उपाशीपोटी जायचं नाही, एवढं पाळा.

वय १८ ते ६५, पहिल्यांदाच देणाऱ्याचं ६० च्या आत. वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. पुरुषाला ९० दिवसांनी परत देता येतं, बाईला १२० दिवसांनी. शुगरची गोळी चालू आहे पण शुगर ताब्यात आहे, अशांनी डॉक्टरला विचारून यावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी देऊ नये. हातावर नवीन नांगर गोंदवलेल्या पोरांना वर्षभर थांबावं लागेल. बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांपैकी काहींना हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवतील. वाईट वाटून घेऊ नका. ते कमी आहे हे फुकटात कळलं आणि औषध सुरू झालं, तर तोही फायदाच.

फोनचा काहीच उपयोग नाही असं मी म्हणत नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळा रक्तगट शोधला, त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण त्या माणसाला ‘ओ’ रक्त चालत नाही, त्याच गटाचं लागतं. आपल्या देशात साधारण १०,००० त एक असा सापडतो. अशा वेळी मेसेज गावोगाव फिरलाच पाहिजे. फेसबुकनेही १ ऑक्टोबर २०१७ ला, राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिनी, भारतात रक्तदात्यांच्या नोंदणीची सोय सुरू केली. कुठल्या पेढीत किती साठा आहे ते सरकारच्या ई-रक्तकोष या संकेतस्थळावर बघता येतं. मेसेज पुढे ढकलण्याआधी ते उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

संस्थेच्या ऑफिसात डिझेल कुपनाच्या खिडकीवर एक वही ठेवली आहे. नाव, रक्तगट, फोन आणि मागे रक्त कधी दिलं ती तारीख त्यात लिहा. रक्तगट माहीत नसेल तर जागा कोरी सोडा, रक्त देताना कळेल. वही ग्रुपवर फिरणार नाही, ऑफिसातच राहील. पन्नास नावं झाली की रक्तपेढीशी बोलून जूनमधली तारीख घेऊ आणि इथेच कळवू. परवापर्यंत अकरा नावं आली होती, त्यातली सात बायकांची.