ल मॉर्नचे कर्णफूल

मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकास, समुद्रात शिरलेल्या भूशिरावर, ५५६ मीटर उंचीचा ल मॉर्न ब्राबाँ हा कातळी पर्वत उभा आहे. गुलामगिरीच्या काळात मळ्यांतून पळालेल्या माणसांनी ज्याचा आसरा घेतला, तोच हा पर्वत. २००८ साली जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली. त्याच्या कड्यांवर एक झुडूप वाढते. रानात ते पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेही आढळत नाही. लोक त्यास 'बुक्ल दोरेय', म्हणजे कानातले डूल, असे म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव ट्रोकेशिया बूटोनियाना हे एकोणिसाव्या शतकातील येथील वनस्पतिशास्त्रज्ञ लुई बुताँ यांच्या स्मरणार्थ दिलेले आहे. १२ मार्च १९९२ रोजी देश प्रजासत्ताक झाला आणि त्याच दिवशी या फुलास राष्ट्रीय पुष्पाचा मान मिळाला. तेव्हापासून फुलाचे चित्र बहुतेकांच्या परिचयाचे झाले. झाड मात्र थोड्यांनीच पाहिले आहे.

बेटाच्या मध्यवर्ती पठारावर वर्षाकाठी सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पश्चिम किनाऱ्यास जेमतेम ८०० ते ९०० मिलिमीटर लाभतो. अशा कोरड्या भागातील उन्हात व खाऱ्या वाऱ्यात हे झुडूप तग धरते. त्याची पाने जाडसर व खालून दाट लवेची असतात. पानातील ओलावा सहजी उडून जाऊ नये, याची ही निसर्गाने केलेली तजवीज होय. उंची पुरुषभर, क्वचित थोडी अधिक. फूल घंटेच्या आकाराचे, लालभडक आणि खाली लोंबणारे. ते जास्वंदीच्याच कुळातले आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

ओळखण्यात गफलत होते ती त्याच्या बहिणींमुळे. ट्रोकेशियाच्या सहा जातींपैकी पाच मॉरिशसच्या आणि एक शेजारच्या रेयुनियाँ बेटावरची. प्लेन शाँपाञच्या ओलसर माळावर रस्त्याच्या कडेला पांढरी-गुलाबी फुले लेवून उभी असते, ती ट्रोकेशिया ब्लॅकबर्नियाना. पुष्कळ जण तिलाच राष्ट्रीय पुष्प समजून छायाचित्रे काढतात! रंग पाहावा आणि जागाही पाहावी, म्हणजे घोटाळा होत नाही.

या फुलाचा मधही रंगीत असतो. बहुतेक फुलांतला मध पाण्यासारखा नितळ. येथे मात्र तो लाल. हे कोडे बरीच वर्षे सुटले नव्हते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, येथील हिरव्या पाली नितळ मधापेक्षा रंगीत मध अधिक पसंत करतात. ब्लॅकबर्नियानाच्या फुलांत तर परागवहनाचे काम अशी पालच करते. आपल्या घरांत पाल चुकचुकली की माणसे शकुन-अपशकुन पाहू लागतात. येथे तिच्याच भेटीवर झाडाचा वंश अवलंबून!

या बेटावरील कोरड्या रानांचा वैरी कोण, हे कळले तर काव्यप्रेमी माणूस खिन्न होईल. संस्कृत कवींनी आम्रवृक्षाच्या गळ्यात घातलेली माधवीलता येथे 'लियान सेर्फ' या नावाने परिचित आहे. परदेशातून आणलेली ही वेल पश्चिमेकडील रानांत मोकाट सुटली असून देशी झाडांवर चढून ती त्यांचा ऊन-प्रकाश हिरावून घेते. भारतात जिचे कौतुक झाले, तीच येथे तोडावी लागते.

हे झुडूप हिवाळ्यात फुलते आणि त्याचा बहर भाद्रपदाच्या सुमारास गणपती येतात, त्याच्या आसपासचा. लाल फूल गणेशास प्रिय. तेव्हा हे देशाचे फूल बाप्पाच्या चरणी वाहावे, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याचे रानातले घर एकच आहे, त्याचे फूल खुडणे म्हणजे होणारे बीच खुडणे. वाहावयाचे तर आपल्या अंगणातले वाहावे.

अंगणात ते येते. पर्वतावरचे रोप मात्र कदापि उपटू नये. देशी झाडांच्या रोपवाटिकेतून आणावे. पश्चिमेकडील कोरड्या गावांत त्यास आपले घर सापडल्यासारखे होईल. क्यूरपीप-वाकोआच्या बाजूस मात्र जमीन उंच करून, खडी मिसळून, पाणी वाहून जाईल अशी सोय करावी. दिवसभर ऊन मिळाले पाहिजे. पहिल्या वर्षी पाणी नेमाने द्यावे, मुळे धरली की हात आखडता घ्यावा. लाडाने रोज पाणी घालणाऱ्यांच्या हातून ते मुळाशी कुजते. पानांवरून पाल फिरताना दिसली तर हुसकावू नये. फूल गळाल्यावर बोंड धरते. ते वाळून तडकू लागले की बी काढावे आणि शेजारच्या घरीही थोडे द्यावे.