आईची घंटा आणि पेन्सिल सेल

आईच्या उशाशी ठेवायला मी एक बिनतारी घंटा केली. बटण दाबले की आतली ईएसपी-८२६६ ही वाय-फाय चिप जागी व्हायची आणि माझा फोन वाजायचा. बॅटरी घातली नऊ व्होल्टची चौकोनी. डबीत नेमकी बसत होती, एवढाच विचार. पाचव्या रात्री फोन वाजलाच नाही. सकाळी आई म्हणाली, "दाबली होती रे."

त्या बॅटरीत सहा चिमुकले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. व्होल्टेज भरपूर, साठा मात्र जेमतेम ५०० मिलीअँपिअर-तास. चिपला ३.३ व्होल्ट पुरतात. साधा रेग्युलेटर उरलेले उष्णतेत घालवतो. संदेश पाठवताना चिप क्षणभर ३०० मिलीअँपिअरपर्यंत ओढते आणि तेवढ्या ओढीने अर्धवट उतरलेली बॅटरी मान टाकते. पण खरा चोर निराळाच होता. झोपलेली चिप साधारण २० मायक्रोअँपिअर घेते, तर माझा स्वस्त रेग्युलेटर नुसता बसून पाच मिलीअँपिअर. म्हणजे राखणदार मालकाच्या अडीचशे पट खात होता! शंभर तासांत साठा संपणारच.

बटण सेलला एवढी ओढ झेपत नाही. लिथियम-आयन दमदार, पण त्याला संरक्षक सर्किट आणि चार्जिंगची शिस्त लागते. उशाशी मला तो नको होता. शेवटी तीन अल्कलाइन पेन्सिल सेल आणि काही मायक्रोअँपिअरवर भागवणारा रेग्युलेटर बसवला. डबी जाड झाली.

दर रविवारी मी मीटर लावून बघतो. आई रोज झोपण्यापूर्वी एकदा बटण दाबते.