कोहळा आणि भोपळा : शरदाची दोन फळे

म्हैसूर शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, कावेरी नदी जेथे मोठे वळण घेते तेथे तिच्या डाव्या तीरावर तलकाड हे गाव आहे. एके काळी ही गंग राजांची राजधानी होती. पुढे ती चोळांकडे गेली व इ.स. १११७ च्या सुमारास होयसळ राजा विष्णुवर्धन याने ती जिंकून तेथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. आज या जुन्या नगराचा मोठा भाग वाळूच्या टेकड्यांखाली गाडला गेला आहे. लोककथा सांगते की, इ.स. १६१० मध्ये राजा वडियार याने श्रीरंगपट्टण घेतले तेव्हा तेथील विजयनगरच्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिने कावेरीत उडी घेताना तलकाडची वाळू होईल असा शाप दिला. म्हैसूरच्या दसऱ्याचा आरंभही त्याच वर्षी श्रीरंगपट्टणास झाला, असे मानले जाते. तलकाडची वाळू आणि म्हैसूरचा दसरा यांची कथा अशी एकाच घटनेशी येऊन भिडते.

या दसऱ्याच्या दिवसांत, म्हणजे शरद ऋतूत, कावेरीकाठच्या या प्रदेशात एका फळाला विशेष मान मिळतो. नवमीच्या दिवशी आयुधपूजा होते. तिलाच आपण खंडेनवमी म्हणतो. शेतकरी आपला नांगर, कारागीर आपली हत्यारे, वाहनचालक आपली मोटार किंवा सायकल धुऊन पुसून पूजतो. मग पांढुरक्या रंगाचा एक मोठा कोहळा घेऊन त्याला भोक पाडतात, आत कुंकू भरतात, तो वाहनावरून वा यंत्रावरून ओवाळतात आणि समोर आपटून फोडतात. याच ऋतूत स्वयंपाकघरात मात्र दुसरेच फळ चिरले जात असते. ते आतून केशरी असते. पहिल्याला कानडीत ‘बूदुगुंबळ’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘सिहिगुंबळ’. बूदी म्हणजे राख. पिकलेल्या कोहळ्याच्या सालीवर राखेसारखी पांढरी भुकटी जमते, त्यावरून हे नाव पडले. सिहि म्हणजे गोड. दोन्ही ‘कुंबळ’च; परंतु या दोन नामबंधूंचे कुळ एक असले तरी त्यांची जन्मभूमी एक नाही.

कोहळा हे आशियातील जुने फळ आहे. संस्कृतातील ‘कूष्मांड’ तो हाच. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याचे गुण वर्णिलेले आहेत. शरदात पित्ताचा प्रकोप होतो व कोहळा पित्तशामक आहे, असे आयुर्वेद मानतो. आपल्याकडील कोहळेपाक याच समजुतीतून रूढ झाला. नवदुर्गांपैकी चौथीचे नाव कूष्मांडा असे आहे. कालिकापुराणात कोहळा व उसाचे कांडे यांना पशुबळीच्या बरोबरीचे स्थान दिलेले आहे. खंडेनवमीला कोहळा का फोडतात आणि त्यात कुंकू का भरतात, याचा उलगडा येथे होतो. जेथे पूर्वी रक्त सांडले असते तेथे एक फळ आले. आचारात झालेले हे परिवर्तन लहान नव्हे.

केशरी भोपळ्याची कथा निराळी आहे. त्याचा जन्म अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील वाहाका प्रांतातील एका गुहेत या कुळातील लागवडीच्या बिया सापडल्या असून त्यांचे वय सुमारे दहा हजार वर्षे ठरले आहे. म्हणजे मका तेथे रुजण्याच्याही आधी माणसाने हा वेल जवळ केला होता. इ.स. १४९२ नंतर अमेरिकेशी दळणवळण सुरू झाले आणि मिरची, बटाटा, टोमॅटो यांच्याप्रमाणेच हे फळही गलबतांतून जुन्या जगात पोचले. भारतात ते इतके रुळले की त्याचे परकेपण कोणास आठवतही नाही. नव्या फळाला जुन्या फळाची नावे मिळाली. कानडीत ते कुंबळ झाले, मराठीत भोपळा झाले, आणि विदर्भात तर लाल भोपळ्यालाच कोहळे म्हणतात. तेथील ‘कोहळ्याची बोंडे’ या केशरी गराचीच असतात. पाहुणा घरातील वडीलधाऱ्याच्या नावाने ओळखला जावा, तसा हा प्रकार झाला.

ही दोन्ही फळे शरदातच का येतात, याचे उत्तर शेतात आहे. पहिल्या पावसाबरोबर ज्येष्ठ-आषाढात बी टोकले की साधारणपणे साडेतीन ते चार महिन्यांत फळ पक्व होते; म्हणजे आश्विन उजाडता उजाडता वेल सुकू लागतो व फळे उघडी पडतात. साल टणक झालेली असते. देठासह काढलेले व ओरखडा न पडलेले फळ कोरड्या, हवेशीर जागी काही महिने सहज टिकते. लाल भोपळ्याच्या अंगी आणखी एक गुण असतो. काढणीनंतर काही आठवडे त्यातील पिष्टाचे हळूहळू साखरेत रूपांतर होत राहते, म्हणून ठेवणीतला भोपळा ताज्यापेक्षा गोड लागतो. ज्या काळी भाजी रोज बाजारातून येत नव्हती, त्या काळी आढ्याला टांगलेले असे फळ म्हणजे घराची शिल्लकच होती.

या फळांना स्वतःची चव बेताची. कोहळ्यात शंभरात सुमारे शहाण्णव भाग पाणी असते, भोपळ्यातही नव्वदीच्या वर. म्हणून त्यांचा आस्वाद बराचसा सोबत्यांवर अवलंबून राहतो. कावेरीच्या या खोऱ्यात भात, ऊस आणि नारळ मुबलक. तेव्हा सोबत्यांची वाण नाही. गोड्या भोपळ्याच्या फोडी तुरीच्या वरणात घालून, चिंच, गूळ व भाजून वाटलेला मसाला लावून ‘हुळि’ करतात. मोहरी, कढीलिंब व ओले खोबरे घालून त्याची कोरडी भाजी होते. तिला ‘पल्य’ म्हणतात. शिजवून घोटलेल्या गरात गूळ, नारळाचे दूध व वेलदोडा घातला की पायस तयार होते. ते वाटीतून पितात. सालीचीही चटणी होते. कोहळ्याच्या फोडी आंबट ताकात शिजवून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, खोबरे, हिरवी मिरची व जिरे यांचे वाटण लावले की ‘मज्जिगे हुळि’ होते. आपल्या कढीची ती दाक्षिणात्य बहीण म्हणता येईल. कोहळा किसून, पाणी पिळून, तुपात परतून साखर व केशर घातले की लग्नसमारंभातील प्रसिद्ध ‘काशी हलवा’ होतो. मराठी घरात याच ऋतूच्या आगेमागे पितृपक्षाच्या पानात भोपळ्याची भाजी असते, आणि गूळ-भोपळ्याचे घारगे तर मुलांच्या विशेष आवडीचे.

पाश्चात्य देशांतही शरद ऋतू हा भोपळ्याचाच असतो, याचे कारण तेच: पीक तेव्हा हाती येते. इ.स. १७९६ मध्ये अमेरिकेत छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात भोपळ्याचे पीठाच्या पारीत भाजलेले गोड पक्वान्न आहे व त्यात जायपत्री, जायफळ आणि आले सांगितले आहे. लवंग-दालचिनीसह हे मसाले पुढे या पक्वान्नाशी इतके एकजीव झाले की १९३४ मध्ये त्यांचे तयार मिश्रणच डब्यातून विकले जाऊ लागले. २००३ मध्ये स्टारबक्स या कंपनीने त्याच मसाल्याच्या स्वादाची दूध-कॉफी बाजारात आणली. गंमत अशी की त्या पेयात आरंभी भोपळा नव्हताच. २०१५ पासून त्यात भोपळ्याचा थोडा गर घालण्यात येऊ लागला. म्हणजे लोक ज्याला भोपळ्याचा स्वाद म्हणत होते तो वस्तुतः आपल्या मलबारचे आले, सिंहलची दालचिनी आणि पूर्वेकडील बेटांवरचे जायफळ व लवंग यांचा सुगंध होता. तिकडे फळ गळून गेले आणि गंध तेवढा उरला. आपल्याकडे खंडेनवमीला फळ असते, पण ते रस्त्यावर फुटलेले.

यात केवळ गमतीचा भाग नाही. आयुधपूजेनंतर बंगळूरसारख्या शहरांत रस्तोरस्ती कोहळ्यांचे तुकडे पडलेले असतात. त्यांवरून घसरून दुचाकीस्वार जखमी होतात व ते रस्त्यावर फोडू नयेत अशी आवाहने पोलीस व नगरपालिका करीत असतात. दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही, पण ती डोळ्यांशीच निगडित आहे. अ जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो. अभाव तीव्र झाला तर दृष्टी कायमची जाते. या संकटाविरुद्ध भारतात १९७० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लाल भोपळ्याच्या गराला केशरी रंग देणारे कॅरोटीन शरीरात गेल्यावर त्याचेच अ जीवनसत्त्व बनते. गर जितका गडद केशरी, तितके सामान्यतः कॅरोटीन अधिक. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेले ‘अर्क चंदन’ हे वाण अशाच गडद गराबद्दल ओळखले जाते. मात्र कॅरोटीन स्निग्ध पदार्थांबरोबरच चांगले शोषले जाते. नुसता उकडलेला भोपळा तेवढा उपयोगी पडत नाही. हुळिवरची तेलाची फोडणी, पल्यातील खोबरे, घारग्यांचे तळण या गोष्टी चवीसाठी आल्या खऱ्या, परंतु त्यांनी नकळत पोषणाचेही काम केले.

तेव्हा भोपळा घेताना कापलेली फोड पाहून घ्यावी व गडद रंगाची निवडावी. अख्खा घेतल्यास देठ शाबूत असलेला घ्यावा आणि घाई नसेल तर काही दिवस ठेवून मग चिरावा. फोडी फार शिजवू नयेत आणि लहान मुलाच्या वाटीत चमचाभर तूप अवश्य घालावे. साल कोवळी असेल तर चटणीला व बिया धुऊन, वाळवून, भाजून खाण्याला ठेवाव्या.

राहिला प्रश्न पूजेतील कोहळ्याचा. ज्यांनी पशूच्या जागी फळ आणले त्यांनी आचाराचा आशय राखून त्याचे रूप बदलले होते. तेच धोरण आजही चालवता येईल. कोहळा ओवाळावा, त्याला कुंकवाचे बोट लावावे आणि मग तो रस्त्यावर न आपटता विळीवर धरावा. मराठीत विळा-भोपळ्याचे सख्य हे वैराचे उदाहरण म्हणून सांगतात. खंडेनवमीच्या दिवशी तरी ते खरेखुरे सख्य ठरेल, आणि संध्याकाळच्या पंगतीत मज्जिगे हुळिचे एक पातेले अधिक चढेल.