बालाघाटावरच्या विजा आणि थांबलेला श्वास

धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनपर्यंत आभाळ कोरडे असते, पारा चाळिशीपार असतो. चारच्या सुमारास त्याच शिवारात वारा, गारा आणि विजा एकदम कोसळतात. एरवी पावसासाठी तरसणाऱ्या भागात असे का व्हावे? उत्तर जमिनीच्या ठेवणीत आहे.

सह्याद्री पश्चिमेचे ढग अडवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पर्जन्यछायेतल्या धाराशिवला सरासरी हजारही गाठता येत नाही. मात्र बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या दमट वाऱ्याला असा सलग अडसर नाही. उन्हाळ्यात तो जमिनीलगत येतो, त्याच्या वरून वायव्येचा कोरडा वारा वाहतो. खाली बालाघाटाचे उघडे पठार तापलेले असते. तापलेली काळी माती आणि डोंगराचा चढ ही दमट हवा वर ढकलतात, आणि तास-दीड तासात ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो. त्यात बर्फाचे कण व गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार साठतो.

वीज ढगाखालीच पडते असे नाही. दहा किलोमीटर लांबही पडते. म्हणून 'अजून थेंबही नाही' हा हिशेब चुकतो. गडगडाट ऐकू आला की शेत सोडून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. झाडाचा आडोसा तर सर्वात वाईट.

खरा घात पुढे होतो. वीज पडलेल्याला हात लावला तर आपल्यालाही झटका बसेल, या भीतीने माणसे लांब उभी राहतात. शरीरात वीज उरत नाही. हृदय कधी कधी आपोआप पुन्हा चालू होते; श्वास मात्र त्याहून जास्त वेळ बंद राहतो आणि त्या अवधीत माणूस जातो. म्हणून आधी निपचित पडलेल्याकडे धावावे. कण्हणारा निदान श्वास घेत असतो. १०८ला फोन करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबावे, दर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी शिवारात परतू नये, मग जनावरे झाडाला बांधलेली का असेनात.